बाबांची पद्मिनी : विकायची की सजवायची?

प्रत्येक जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक कोपरा असा असतोच. खाकी कव्हर, त्यावर कबुतरांची रांगोळी आणि खाली चारही टायर बसलेली प्रीमियर पद्मिनी! मालक कोण? तुमच्याआमच्यासारखाच कुणीतरी. आयटीत नोकरी, स्वतःची हॅचबॅक रोज रात्री रस्त्यावर जागा शोधत फिरवतो, कारण हक्काच्या पार्किंगमध्ये बाबांची गाडी उभी आहे. दर जनरल बॉडी मीटिंगला सेक्रेटरी काका विचारतात, ‘अरे, त्या डबड्याचं काय करणार आहेस?’ आणि दर वेळी उत्तर एकच, ‘बघतो काका, दिवाळीनंतर.’

अशा किती दिवाळ्या गेल्या?

पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायची, १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावानं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला लावलेला हँडल गिअर, पुढे-मागे सोफ्यासारख्या सीट आणि त्यात कोंबलेली अख्खी फॅमिली! मुंबईची काळी-पिवळी टॅक्सीही हीच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव आरटीओत झाली होती, वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ती रस्त्यावरून गेली. त्यानंतर काय झालं, तर कव्हरखालच्या पद्मिनीकडे सगळे एकदम ‘क्लासिक’ म्हणून बघायला लागले. ज्यांनी ती खंडाळ्याच्या घाटात बोनेट उघडून, पाण्याचा कॅन हातात घेऊन बघितली आहे, त्यांना या शब्दाचं जरा हसूच येतं.

ठाण्यातल्या एका भावा-बहिणीच्या घरात गेल्या वर्षी याच गाडीवरून अबोला झाला. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. भावाच्या डोक्यावर होम लोन, शिवाय पार्किंगची निकड. बहीण बंगळुरूला. ‘दादा, बाबांची गाडी विकणार तू?’ ‘मग तू घेऊन जा ना तिकडे!’ फोन आपटला. दोघांचंही बरोबर होतं, हाच तर प्रॉब्लेम. आणि मजा म्हणजे गाडी नेमकी कोणत्या अवस्थेत आहे, हे दोघांपैकी एकानंही कव्हर काढून बघितलं नव्हतं.

आधी पत्रा, मग इंजिन

गाडी सुरू होत नाही म्हटलं की सगळे इंजिनाला शिव्या घालतात. पण पद्मिनीचं इंजिन ही घाबरण्यासारखी गोष्ट नाही, बॉस! सकाळी सेल्फ मारून सुरू होत नसेल तर बहुतेक वेळा पॉइंट, कंडेन्सर, प्लग किंवा कार्ब्युरेटरमधला कचरा असतो. उन्हाळ्यात सिग्नलला बंद पडते, कारण पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला. तो तापला की पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे ते याचसाठी. अगदी रिंग-पिस्टनचं काम निघालं तरी ते हिशेबात बसतं.

खरा खड्डा असतो पत्र्यात. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच तिची चॅसी. म्हणजे दरवाजांखालची पट्टी आणि पायाखालची फरशी सडली तर गाडीचा कणाच गेला. वरून चकाचक रंग मारून हे झाकता येतं, आत लांबी भरलेली असते. म्हणून एक सोपी टेस्ट. फ्रीजवरचं साधं लोहचुंबक घ्या आणि दरवाजांच्या खालच्या कडा, चाकांवरचे पत्रे, डिकीची फरशी असं फिरवा. चिकटत नसेल तर तिथे लोखंड कमी आणि लांबी जास्त! मॅट उचला, ओल बघा. अख्खी फरशी कापून नवा पत्रा जोडायचा म्हटलं की खर्च लाखांत जातो आणि मिस्त्रीचा ‘पंधरा दिवस’ सहा महिन्यांवर.

पार्ट मिळतात. मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ. इंजिनाचं सामान त्या मानानं सोपं. चकरा मारायला लागतात त्या क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या काचा, मूळ हँडल आणि डॅशबोर्डसाठी. नवीन टेन्शन पेट्रोलचं आहे. २०२३ पासून ई-२० पेट्रोल आलं, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. या गाड्यांचे जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरची गॅस्केट त्यासाठी बनलेलीच नाहीत. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. रिस्टोअर करणार असाल तर टाकीची सफाई आणि पाइप बदलणं आधी, सीट कव्हरचा रंग नंतर.

कागद बोलतात

आरसी बाबांच्या नावावर आहे आणि बाबा नाहीत? मग फॉर्म ३१. नियमाप्रमाणे तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा. बहुतेक घरांत हे राहूनच जातं आणि विकायची वेळ आली की आठवतं. नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून रिन्यू करायची. वीस वर्षांवरच्या कारसाठी केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये ही फी दहा हजार केली. वर राज्याचा पर्यावरण कर, पीयूसी, इन्शुरन्स. गाडी जागची हलली नाही तरी मीटर चालू!

‘व्हिंटेज नंबर घेऊ’ असं सांगणारे खूप भेटतील. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार त्यासाठी गाडी पन्नास वर्षांवरची हवी आणि मूळ स्वरूपात हवी. १९८७ ची पद्मिनी पन्नाशी गाठणार २०३७ मध्ये. त्यातही अशी गाडी रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. बकेट सीट आणि दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवायचा विचार असेल तर व्हिंटेजचं स्वप्न आजच सोडा.

मग करायचं काय? माझं स्पष्ट मत, फुल रिस्टोरेशनचा निर्णय बंद पडलेल्या गाडीकडे बघून घेऊच नका. आधी फक्त चालती करा. ब्रेक, टाकी, पाइप, बॅटरी, टायर. खर्चाची मर्यादा आधी ठरवा, बोनसमधून जेवढे गेले तरी झोप लागेल तेवढीच. पर्सनल लोन काढून तर अजिबात नाही! मग चार-पाच महिने रविवारी चालवून बघा. तिसऱ्या रविवारी किल्ली उचलायचा कंटाळा आला तर तुम्हाला गाडी नको आहे, आठवण हवी आहे. ती फोटोतही राहते. चालती गाडी विकायला सोपी, भावही बरा. आणि कणाच सडलेला असेल तर अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्या. तिथे मिळणाऱ्या सर्टिफिकेटवर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते.

ठाण्याच्या दादानं हेच केलं. चुंबक डावीकडच्या पट्टीवर घसरलं, बाकी ठीक. गाडी चालती झाली, बहीण गणपतीत आली तेव्हा दोघं घोडबंदर रोडला चक्कर मारून आले. परतताना गाडी दोनदा बंद पडली, दुसऱ्यांदा ढकलताना बहिणीनंच विषय काढला, ‘दादा, विकूया.’ पुण्याच्या एका तिशीतल्या मुलानं घेतली. बघायला आला तेव्हा त्यानं बोनेट उघडलंच नाही, आधी मॅट उचलून फरशी बघितली. भाव तिथेच पक्का झाला.

पैसे हातात आले तरी फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय किल्ली देऊ नका. डिलिव्हरीची तारीख-वेळ लिहून घ्या, घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स ठेवा आणि आरसीवर त्याचं नाव चढलं का, हे परिवहनच्या साइटवर तपासत राहा. तोवर प्रत्येक चलान तुमच्याच नावानं येणार.