माहेरच्या नावाचा शोध

एकोणिसाव्या शतकातील ग्रामीण अमेरिकन स्त्रीचा वंशेतिहास शोधणे कठीण असते, कारण १८४० पर्यंतच्या जनगणनांत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई. १८५० मध्ये प्रत्येक मुक्त व्यक्तीचे नाव आले, तरी प्रमुखाशी असलेले नाते १८८० मध्येच नोंदले गेले आणि गुलामगिरीत राहिलेल्या बहुतेक स्त्रियांची नावे प्रथम १८७० मध्ये उमटली. जमिनीच्या खरेदीखतात मात्र ती भेटते, कारण पतीच्या मृत्यूनंतर त्याच्या स्थावर मालमत्तेच्या साधारण एक तृतीयांश भागाचा हयातीपुरता उपभोग, म्हणजे ‘डावर’, हा पत्नीचा हक्क होता आणि तो सोडल्याचा जबाब अनेक ठिकाणी तिच्याकडून पतीच्या गैरहजेरीत घेतला जाई. सर्वांत बोलके साधन म्हणजे यादवी युद्धातील सैनिकांच्या विधवांचे निवृत्तिवेतनाचे अर्ज. विवाहाची सरकारी नोंद नसेल, तर कित्येकींनी घरच्या बायबलमधील जन्म-विवाहांच्या नोंदींचे पानच काढून अर्जाला जोडले, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी शपथेवर साक्षी दिल्या, आणि त्यांतूनच अनेकदा तिचे माहेरचे आडनाव हाती लागते. ही पाने आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत; १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद मात्र १९२१ च्या आगीनंतर कायमचे गमावले गेले.