वारसागत सैनिकी पदके व बिल्ले

सैन्यात सेवा केलेल्या पूर्वजांकडून कुटुंबाकडे आलेल्या धातूच्या मानचिन्हांना व ओळखचिन्हांना वारसागत सैनिकी पदके व बिल्ले असे म्हणता येते. पदक हे व्यक्तीला दिले जाते. ते शौर्याबद्दल, एखाद्या मोहिमेतील सहभागाबद्दल किंवा दीर्घ सेवेबद्दल असते. बिल्ला हा पलटणीचा असतो व तो टोपी, फेटा किंवा खांद्यावर लावला जातो. बिल्ल्यावरून पलटण व कालखंड कळतो, तर नाव कोरलेल्या पदकावरून प्रत्यक्ष सैनिक कळतो. हा भेद ध्यानात ठेवणे ही ओळख पटवण्याची पहिली पायरी होय.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील अनेक घरांत आढळणारी जुनी पदके पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांतील आहेत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावातील ४६ सैनिक पहिल्या महायुद्धात कामी आले. ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ते गाव ओळखले जाते. त्या युद्धात १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजचा इराक) लढल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत येथे ब्रिटिश-भारतीय फौजेने शरणागती पत्करली, तेव्हा वेढ्यात सापडलेल्यांत या तिन्ही पलटणी होत्या.

त्या आघाडीवरील मृतांसाठी बसरा येथे स्मारक उभारण्यात आले. त्यावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य भारतीय शिपायांचा उल्लेख मात्र पलटणीखाली केवळ संख्येने करण्यात आला. अशा शिपायाचे नाव त्याच्या पदकाच्या कडेवर मात्र कोरलेले असते. यामुळे वरकरणी किरकोळ वाटणारे पदकही त्या माणसाच्या सेवेचा महत्त्वाचा पुरावा ठरते.

पदकांची ओळख

पहिल्या महायुद्धातील पदकांपैकी तीन विशेष आढळतात :

• ब्रिटिश युद्धपदक : चांदीचे, गोल, सुमारे ३६ मिलिमीटर व्यासाचे. एका बाजूस पंचम जॉर्ज राजाचे मुखचित्र, दुसऱ्या बाजूस घोडेस्वार व १९१४ आणि १९१८ ही वर्षे असतात. श्रमिक तुकड्यांतील अनेकांना हेच पदक कांस्य धातूत दिले गेले.
• विजयपदक : कांस्याचे. त्यावर पंख असलेली विजयदेवता असून फीत इंद्रधनुष्यी रंगांची असते.
• १९१४-१५ चा तारा : कांस्याचा. यावरील नाव कडेवर नसून मागील सपाट बाजूवर असते.

पहिल्या दोन पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण रोमन लिपीत असते. नावे कानांवर पडली तशी लिहिली गेल्याने एकाच आडनावाची निरनिराळी रूपे आढळतात. म्हणून केवळ नावावर विसंबून न राहता क्रमांक व पलटण यांची सांगड घालावी लागते. दुसऱ्या महायुद्धातील पदकांवर पुष्कळदा नाव आढळत नाही. तेथे सेवापुस्तिका, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे व छायाचित्रे हाच आधार ठरतो.

बिल्ल्यांवरून कालनिर्णय

पलटणीचा क्रमांक ही कालनिर्णयाची महत्त्वाची खूण आहे. १९०३ च्या पुनर्रचनेत मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींना शंभरानंतरचे क्रमांक मिळाले. १९२२ मध्ये मराठा पलटणी ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ या एका रेजिमेंटमध्ये आल्या. त्यामुळे ११० हा क्रमांक असलेला मराठा पलटणीचा बिल्ला १९०३ ते १९२२ या काळातील ठरतो. बिल्ल्यावरील रणशिंग हे लाइट इन्फन्ट्रीचे पारंपरिक चिन्ह होय.

मुकुटावरूनही काळ कळतो. १९०१ नंतरच्या राजांच्या काळातील मुकुटाच्या कमानी वर गोलाकार असतात. भारत प्रजासत्ताक झाल्यावर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह आले. महार रेजिमेंटची स्थापना १९४१ मध्ये बेळगाव येथे झाली. तिच्या आरंभीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता; पुढे त्या जागी खंजीर आला. म्हणून स्तंभाचा बिल्ला हा खंजिराच्या बिल्ल्याहून जुन्या नमुन्याचा ठरतो.

मूल्यनिर्धारण

अशा वस्तूचे मूल्य तीन प्रकारे पाहिले जाते : धातूचे, बाजारातील व ऐतिहासिक. धातूचे मूल्य बहुधा सर्वांत कमी असते. तरीही चांदीची युद्धपदके सराफाकडे वितळवली जातात आणि त्याबरोबर कडेवरील नावही नाहीसे होते. बाजारमूल्य शौर्यपदक आहे की मोहिमेचे, संच पूर्ण आहे की तुटलेला, कागदपत्रे सोबत आहेत की नाहीत, यांवर अवलंबून असते. एकाच सैनिकाची पदके भावंडांत वाटून घेतल्यास संचाचा अर्थ व मूल्य दोन्ही घटतात. वाटणी अटळ असल्यास संपूर्ण संचाचे छायाचित्र व लेखी नोंद प्रत्येकाकडे असावी.

नकली वस्तूही विक्रीस येतात. साच्यात ओतलेल्या नकलेवरील रेषा बोथट व पृष्ठभाग रवाळ असतो, तर ठशाने उमटवलेल्या मूळ वस्तूवर रेषा ठसठशीत असतात. कड घासून दुसरे नाव कोरलेले असल्यास त्या पदकाचा व्यास किंचित कमी भरतो.

जतन

पितळ चकचकीत करणाऱ्या पुडी वा द्रावणाने पदक घासू नये. प्रत्येक घासण्याबरोबर धातूचा सूक्ष्म थर जातो व कालांतराने अक्षरे पुसट होतात. चांदीवरील काळसर छटा ही हानी नसून बहुधा संरक्षक थर असतो. कांस्यावरील भुरभुरीत हिरवे डाग मात्र गंजाचे असतात व ते दिसल्यास संग्रहालयातील तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. हाताळताना सुती हातमोजे वापरावेत, कारण घामातील क्षार धातूवर ठसे उमटवतात.

पदके आम्लरहित कागदात, एकमेकांवर घासणार नाहीत अशी स्वतंत्र ठेवावीत. पीव्हीसीच्या पिशव्या, रबरी बंध व डांबराच्या गोळ्या टाळाव्यात. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे उपयुक्त ठरते. मूळ फीत जीर्ण झाली तरी टाकू नये; प्रकाशाने तिचे रंग उडतात, म्हणून ती उन्हापासून दूर ठेवावी. ज्येष्ठांकडून ऐकलेली माहिती सांगणाऱ्याच्या नावानिशी व तारखेसह लिहून त्याच डब्यात ठेवावी.

कायदेशीर बाजू

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार ऐतिहासिक महत्त्वाची, किमान १०० वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातील पदकांनी ही वयोमर्यादा ओलांडली असल्याने ती विदेशी ग्राहकास विकण्यापूर्वी हा नियम पाहणे आवश्यक आहे. तसेच, आपण सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने सैनिकी गणवेश वा चिन्ह वापरणे हा भारतीय कायद्यानुसार गुन्हा आहे.