पॉइंटांचे विमान, घरखर्चाचा हिशेब

बेळगावच्या मुलांनी शिकून बेंगळूर, हैदराबाद, पुणे गाठले आणि मागे राहिलेल्या आई-वडिलांच्या पायाला भिंगरी लागली. एके काळी राणी चन्नम्मा एक्सप्रेसचे आरक्षण मिळाले की गंगेत घोडे न्हाले असे वाटायचे. आता सांबऱ्याहून विमानाने जाऊन आलेले कोणी ना कोणी प्रत्येक गल्लीत भेटते. त्यांच्यामागोमाग बँकांचे प्रतिनिधीही आले. ‘साहेब, हे कार्ड घ्या, खरेदी करा, पॉइंट जमवा आणि फुकट विमानात बसा!’ आमच्या स्टाफरूममध्ये हल्ली वेतन आयोगापेक्षा या पॉइंटांचीच चर्चा अधिक.

यातला ‘फुकट’ हा शब्द आधी बाजूला काढून ठेवूया. आपण कार्ड वापरले की दुकानदाराला त्या रकमेवर शुल्क द्यावे लागते. त्यातला काही वाटा पॉइंटांच्या रूपाने आपल्याकडे येतो. त्याशिवाय बँकेला आपले वार्षिक शुल्क मिळते आणि बिल वेळेवर न भरणाऱ्यांचे व्याजही मिळते. थोडक्यात, वेळेवर भरणाऱ्याचे तिकीट बऱ्याच अंशी न भरणाऱ्याच्या खिशातून निघते. आपण या दोघांपैकी कोण, हे कार्ड घेण्याआधीच स्वतःला विचारावे.

आता थोडे गणित. समजा, कार्डाचे वार्षिक शुल्क ३,००० रुपये आहे. १८ टक्के जीएसटी धरून ते ३,५४० होते. शंभर रुपयांच्या खर्चाला २ पॉइंट मिळतात आणि तिकीट काढताना एका पॉइंटचे ५० पैसे धरतात. म्हणजे शंभराला एक रुपया सुटला. नुसते शुल्क फिटण्यासाठी वर्षाला ३,५४,००० रुपये, म्हणजे महिन्याला साडेएकोणतीस हजार, कार्डावर खर्च व्हायला हवेत. तोवर कमाई शून्य! त्यातही पेट्रोल, घरभाडे, सरकारी भरणा आणि वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर अनेक कार्डे पॉइंट देतच नाहीत. विमा आणि शाळा-कॉलेजच्या फीवर कोठे कमी, कोठे मर्यादित. आणि आपल्या घरांतले मोठे खर्च तर हेच. म्हणून प्रतिनिधीने दिलेल्या रंगीत पत्रकापेक्षा नियमांचे बारीक अक्षरातले पान आधी वाचावे. पॉइंटांतून काढलेल्या तिकिटावरही कर आणि विमानतळाचे शुल्क बहुधा रोख भरावे लागते, तेही त्याच पानावर असते.

दुसरा प्रश्न, कार्ड एका विमान कंपनीचे घ्यावे की साधे? एकाच कंपनीशी बांधलेल्या कार्डावर त्या कंपनीच्या तिकिटांना पॉइंट जास्त मिळतात. मुंबई-दिल्लीच्या माणसाला ते परवडते. आपल्या सांबऱ्याहून मात्र मोजक्याच कंपन्यांची विमाने सुटतात आणि वेळापत्रक बदलत राहते. तिकीट महाग दिसले की आपण हुबळी, कोल्हापूर, दाबोळी किंवा मोपा गाठतो. अशा कुटुंबाने ज्याचे पॉइंट निरनिराळ्या कंपन्यांकडे वळवता येतात, किंवा सरळ बिलातून वजा होतात, असे कार्ड पाहावे, असे माझे मत. वर्षातून एकदाच उडणाऱ्याला तर रोख सवलतीचे बिनशुल्काचे कार्डच बरे. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, त्यामुळे किराणा दुकानातल्या क्यूआर कोडवरही ते चालू शकते. मात्र अशा व्यवहाराला पॉइंट किती, हे बँकेला विचारून घ्यावे.

पॉइंट साठवून ठेवणाऱ्यांनी थोडा इतिहास आठवावा. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली. जेट एअरवेजने एप्रिल २०१९ मध्ये उड्डाणे थांबवली. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत गेले. कंपनी टिकली तरी पॉइंटचा भाव ती कधीही उतरवू शकते. पॉइंट ही काही मुदत ठेव नव्हे. त्यावर व्याज नाही, उलट मुदत संपली की ते जातात. नातवाच्या लग्नापर्यंत सांभाळून ठेवण्यात अर्थ नाही.

व्याजाचे मात्र पक्के असते. मराठीत उधारी आणि कन्नडमध्ये उद्री म्हणतात, ती ही. दुकानदाराच्या वहीतल्या उद्रीला व्याज नव्हते, इथे महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास पडते. चाळीस हजारांचे बिल महिनाभर थकले तर १,४०० रुपये व्याज आणि त्यावर २५२ रुपये जीएसटी. वरच्या हिशेबाने एवढे पॉइंट मिळवायला १,६५,२०० रुपयांची खरेदी करावी लागेल! ‘किमान रक्कम भरा’ या ओळीवर समाधान मानू नये. पूर्ण बिल भरले नाही तर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणा किंवा हासिगे इद्दष्टु कालु चाचु म्हणा, आपल्या घरांत हे दोन्ही भाषांतून ऐकवले जाते. तरीही ‘अजून वीस हजार खर्च केले की एक तिकीट मिळते’ म्हणून नको असलेला टीव्ही घरी आणणारे मी पाहिले आहेत.

कार्ड घेतले आणि जमले नाही, तर ते बंद करण्यात संकोच नको. थकबाकी नसेल तर अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बंधनकारक केले आणि उशीर झाल्यास बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यावेत, असेही ठरवून दिले. अर्ज करण्यापूर्वी जमलेले पॉइंट वापरून टाकावेत आणि बंद झाल्याचे लेखी पत्र घ्यायला विसरू नये.