अळंबी, एरंड व गुंज : प्रथिनांचे गुण आणि धोके

पावसाळा सुरू झाला की मेळघाटापासून अकोल्याच्या काळ्या रानापर्यंत जागोजागी अळंबी उगवते, कुंपणावर गुंजेचा वेल चढतो आणि सोयाबीनच्या कडेने सापळा पीक म्हणून लावलेला एरंड वाढू लागतो. या तिन्हींतील काही प्रथिने केवळ पोषण करीत नाहीत, तर शरीरातील पेशींवर प्रत्यक्ष क्रिया करतात. ही क्रिया केव्हा घातक ठरते, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

एरंडेल हे घरोघरचे रेचक. परंतु एरंडीचे बी विषारी आहे. त्यातील रायसीन हे प्रथिन स्टिलमार्क या संशोधकाने १८८८ साली शोधून काढले. पेशीत नवी प्रथिने तयार होण्याचे कामच ते बंद पाडते. ते तेलात विरघळत नाही, म्हणून पेंडीत राहते. सबब एरंडीची पेंड खत म्हणून अवश्य वापरावी, परंतु तिची पोती गोठ्यापासून दूर ठेवावीत.

पूर्वी सोनार ज्या गुंजांनी सोने तोलीत, त्यांतही अॅब्रिन नावाचे असेच प्रथिन असते. अखंड बी टणक कवचामुळे बहुधा न पचता बाहेर पडते; फुटलेले वा चावलेले बी मात्र प्राणघातक ठरू शकते. मुलांच्या हाती ते खेळावयास देऊ नये. वैद्य गुंज दुधात किंवा कांजीत शिजवून शुद्ध करतात, कारण उष्णतेने अशा प्रथिनांची घडण मोडते. हा प्रयोग घरी करू नये.

शिजविले की विष गेले, हा नियम रानअळंबीस मात्र लागू नाही. काही जातींत अमॅटॉक्सिन असते. प्रथिनांच्याच घटकांची ही लहानशी कडी उकळूनही नाश पावत नाही. चांदीचे नाणे काळे पडले नाही किंवा किड्यांनी अळंबी खाल्ली, यावरून ती निर्विष ठरत नाही. उलट्या व जुलाब सहा ते चोवीस तासांनी सुरू होतात. मध्यंतरी बरे वाटते आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असते. म्हणून उतार पडण्याची वाट न पाहता रोग्यास उरलेल्या अळंबीसह तत्काळ रुग्णालयात न्यावे.

अळंबी खावयाची तर घरी पिकविलेली धिंगरी खावी. सोयाबीनचे किंवा गव्हाचे कुटार भिजवून, गरम पाण्याने निर्जंतुक करून, विश्वसनीय प्रयोगशाळेतील बियाणे थर देऊन पिशवीत भरावे. २० ते ३० अंश तापमान व भरपूर ओलावा मिळाल्यास सुमारे तीन आठवड्यांनी पहिली तोडणी होते. वऱ्हाडात पावसाळा व हिवाळा यास अनुकूल; उन्हाळा नव्हे. वाळलेल्या धिंगरीत शेकडा २० ते ३० प्रथिने असतात. ती नीट शिजवूनच खावी.

अळंबीच्या चूर्णाने मधुमेह वा कर्करोग बरा होतो, असे सांगणारे विक्रेते गावोगाव भेटतात. भूछत्रातील एका क्रियाशील प्रथिनाचा जपानमध्ये लागलेला शोध १९८९ साली प्रसिद्ध झाला, हे खरे. परंतु प्रयोगशाळेतील गुण म्हणजे रोग्यावरील औषध नव्हे. खाल्लेली बहुतेक प्रथिने पोटात पचून जातात. इन्शुलिन हेही प्रथिनच, आणि म्हणूनच ते टोचून घ्यावे लागते. चूर्णाच्या भरवशावर चालू औषध बंद केल्यास जिवावर बेतेल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी ही माहिती ग्रामसभेत व शाळेत अवश्य सांगावी.