प्रत्येक आकड्याची सरासरी निघत नाही

पुण्याचा पिनकोड ४११००१, नागपूरचा ४४०००१. टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १९७२ पासून देशभर लागू झालेले हे अंक पत्र कुठे जायचे ते चोख सांगतात. पण नागपूरचा आकडा मोठा म्हणून नागपूर मोठे ठरत नाही, आणि दोन्हींच्या सरासरीला तर काहीच अर्थ नाही. हे कुणालाही पटते. मात्र हीच चूक ग्राहकांचे समाधान, शिक्षकांचे मूल्यमापन किंवा रुग्णांच्या वेदना मोजताना झाली, की ती चटकन दिसत नाही. आकड्यांवर कोणते गणित करायचे हे आपल्या सोयीवर नव्हे, तर ते आकडे कशाची खूण म्हणून वापरले आहेत यावर ठरले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली 'सायन्स' नियतकालिकात मापनश्रेणींचे चार प्रकार मांडले. पिनकोड ही नामिक श्रेणी. तिथे अंक नावाचे काम करतो. वजन, उंची, उत्पन्न ही गुणोत्तर श्रेणी. तिथे शून्य खरे असते, म्हणून चाळीस किलो हे वीस किलोंच्या दुप्पट. सेल्सिअस अंशांतले तापमान मात्र अंतराल श्रेणीत येते. सकाळी २० आणि दुपारी ४० अंश सेल्सिअस म्हणजे उष्णता दुप्पट झाली, असे म्हणता येत नाही. तेच तापमान फॅरनहाइटमध्ये ६८ आणि १०४ होते, आणि दुपटीचा पत्ता राहत नाही.

खरी गफलत होते ती क्रमिक श्रेणीत. फ्रेडरिक मोस यांच्या काठिण्यश्रेणीत संगजिरे १, कुरुविंद ९ आणि हिरा १०. नऊ आणि दहामध्ये एकाचाच फरक दिसतो, पण प्रत्यक्षात हिरा कुरुविंदापेक्षा सुमारे चौपट कठीण असतो. श्रेणी फक्त कोण कोणाला ओरखडा पाडतो तेवढेच सांगते. रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ मध्ये रूढ केलेल्या 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' या पाच पर्यायांचेही तसेच आहे. समजा, एका सेवेला तिघांनी ५, ५, १ असे गुण दिले आणि दुसरीला ४, ४, ४. सरासरी अनुक्रमे ३.६७ आणि ४, म्हणजे दुसरी सरस. आता सर्वोच्च पर्यायाला ५ ऐवजी १० म्हणा. क्रम जराही बदलला नाही, तरी सरासरी ७ आणि ४ होऊन निकाल उलटा लागतो. मधला गुण घेतला तर मात्र दोन्ही वेळा पहिलीच पुढे राहते. पर्यायांना कोणते अंक द्यायचे यावर जो निष्कर्ष फिरतो, तो लोकांच्या मताविषयी आहे असे म्हणायला आधार उरत नाही.

यावर आक्षेप जुना आहे. फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९५३ मध्ये फुटबॉलपटूंच्या पाठीवरच्या क्रमांकांची कल्पित गोष्ट सांगून दाखवले, की नामिक अंकांचीही सरासरी काढून उपयुक्त चाचणी करता येते. शिवाय एकाच विषयावरच्या अनेक प्रश्नांचे गुण बेरजेत घेतले, तर सरासरी व्यवहारात बऱ्यापैकी चालते, असे अनेक संशोधक म्हणतात. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. पण लॉर्ड यांची चाचणी क्रमांकांचे वाटप निष्पक्ष झाले का हे तपासत होती; खेळाडू किती चांगले हे नाही. आणि बेरजेचे गुण वापरणाऱ्याने पर्यायांमधली अंतरे सारखी धरली आहेत, हे गृहीतक उघडपणे लिहावे, निदान प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला याचा तक्ता सोबत द्यावा. सरासरीवरून एखाद्या शिक्षकाची बढती ठरत असेल, तर तो तक्ता मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.