परदेशातील जन्मनोंद आणि मराठी नामरचना

विशेषनाम व्यक्तीचा केवळ निर्देश करते, तिच्याविषयी काही सांगत नाही, हे जॉन स्टुअर्ट मिलचे मत भाषाभ्यासकांच्या परिचयाचे आहे. परदेशातील जन्मनोंदणीच्या कचेरीत आपल्या बालकाचे नाव घालावयास गेलेल्या मराठी दांपत्यास मात्र या मताचा फेरविचार करावा लागतो. तेथे नावाचा प्रत्येक घटक काहीतरी सांगतो असे गृहीत धरलेले असते. आणि तो जे सांगतो ते आपल्या मनात कधी आलेलेही नसते. प्रस्तुत लेखात जर्मनीचे उदाहरण घेतले आहे. अभ्यासानिमित्त लेखिकेचे तेथे काही वर्षे वास्तव्य होते आणि २०१९ साली तिची कन्या तेथेच जन्मली.

प्रथम कागदपत्रांचा क्रम पाहू. जन्माची खबर स्थानिक नोंदणी-कचेरीस, म्हणजे ‘श्टांडेसआम्ट’ला, एका आठवड्यात द्यावी लागते, रुग्णालयात जन्म झाल्यास ती रुग्णालयच देते. जर्मन भूमीवर जन्मल्यानेच बालक जर्मन नागरिक होते असे नाही. त्यासाठी आईबापांपैकी एकाचे पाच वर्षे (जून २०२४ पर्यंत आठ वर्षे) कायदेशीर वास्तव्य आणि बेमुदत निवासाचा हक्क असावा लागतो. विद्यार्थी व संशोधक यांच्या ठायी या अटी क्वचितच पूर्ण होतात. मग बालक भारतीय ठरावयाचे. परंतु तेही आपोआप नव्हे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या चौथ्या कलमान्वये ३ डिसेंबर २००४ पासून परदेशी जन्मलेल्या अपत्याची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते, आणि त्याच्याजवळ अन्य देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून द्यावे लागते. वर्ष उलटल्यास केंद्र सरकारची अनुमती हवी. दुसरीकडे, जर्मन निवास-परवान्याचा अर्ज जन्मापासून सहा महिन्यांत करावयाचा असतो. सारांश, जन्मदाखला अडला की पासपोर्ट अडतो, आणि पासपोर्ट अडला की परवाना.

जन्मदाखला अडण्याचे मूळ पुष्कळदा नामरचनेत असते. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव आणि आडनाव अशी त्रिपदी प्रचलित आहे. भारतीय पासपोर्टात मात्र रकाने दोनच : आडनाव आणि दिलेले नाव. त्यामुळे मधले पद दुसऱ्या रकान्यात जाऊन बसते. जर्मन कारकून तो रकाना वाचतो तेव्हा त्याला त्यात दोन स्वनामे दिसतात. लेखिकेच्या पासपोर्टात तिच्या नावापुढे पतीचे नाव होते. आपणास पुरुषाचे नाव का ठेवले गेले, असा प्रश्न कचेरीतील बाईंनी अत्यंत सौजन्याने विचारला. षष्ठीचा प्रत्यय लोप पावलेले हे संबंधवाचक पद आहे, हे स्पष्टीकरण व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले तरी कचेरीस उपयोगाचे नव्हते. शिवाय जन्मदाखल्यात पित्याचे नाव व माहेरचे आडनाव, आणि पासपोर्टात पतीचे नाव व सासरचे आडनाव. म्हणजे कचेरीच्या दृष्टीने या दोन स्त्रिया झाल्या. ‘एकच व्यक्ती’ असल्याचे वकिलातीचे प्रमाणपत्र येईपर्यंत आम्हांस जन्मदाखल्याऐवजी नोंदवहीचा उतारा तेवढा मिळाला, आणि त्यावर मातेची ओळख सिद्ध झालेली नाही असा शेरा होता. त्या चार महिन्यांत सांगलीस सासरे अत्यवस्थ झाले. पतींना एकट्यानेच निघावे लागले. पासपोर्टाविना बाळास नेता येणे शक्य नव्हते. आजोबांनी नात पाहिली नाही.

दुसरा प्रश्न लिप्यंतराचा. १३ सप्टेंबर १९७३ रोजी बर्न येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, ज्याच्या दस्तऐवजात नाव रोमन अक्षरांत आहे त्याचे ते जसेच्या तसे उतरावे. नसल्यास आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे लिप्यंतर करावे. मानक शास्त्रशुद्ध असते, परंतु शास्त्रशुद्धता म्हणजे उच्चारशुद्धता नव्हे. आल्टेनश्टाइग गावी मालिशचा व्यवसाय करणारे ख्रिस्तोस कोन्स्तान्तिनिदिस या ग्रीक गृहस्थांच्या नावाचे मानकानुसार ‘ह्रेस्तोस’ झाले. ३० मार्च १९९३ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की उच्चार विकृत होऊन ग्राहकांचा घोटाळा होण्याचा संभव असेल, तर असे लेखन धंद्याच्या स्वातंत्र्यास बाधक होय. लिप्यंतर आणि प्रतिलेखन यांतील भेद आपण वर्गात शिकवितो. तो न्यायालयात निर्णायक ठरल्याचे असे उदाहरण विरळाच. देवनागरीसाठी २००१ चे १५९१९ क्रमांकाचे मानक लावल्यास ‘च’साठी रोमन ‘सी’ येतो, आणि ‘चिन्मय’चा आरंभ जर्मन वाचक ‘त्स’ने करील. ‘ज्ञ’चे तर महाराष्ट्रात, हिंदी प्रदेशात आणि मानकात असे तीन निरनिराळे रोमन अवतार आहेत. आपल्या पासपोर्टांत रोमन अक्षरे असल्याने आपली गाठ बहुधा मानकाशी पडत नाही. तरीही जर्मन वाचक ‘ज’च्या रोमन अक्षराचा उच्चार ‘य’ करतो, आणि ‘ओजस’चा ‘ओयास’ होतो, हे नाव ठेवतानाच ध्यानी घेतलेले बरे.

लिंगनिदर्शनाची अडचण आता उरलेली नाही. ‘किरण’ हे नाव मुलीस ठेवण्यास एका नोंदणी-कचेरीने नकार दिला होता. त्या प्रकरणी ५ डिसेंबर २००८ रोजी जर्मन घटना-न्यायालयाने, स्वनामावरून लिंग कळलेच पाहिजे असा नियम कायद्यात नाही, असे ठरविले.

१ मे २०२५ पासून एक महत्त्वाचा बदल झाला आहे. पूर्वी व्यक्तीच्या नावास तिच्या राष्ट्रीयत्वाचा कायदा लागू होई. आता नित्य वास्तव्याच्या देशाचा लागू होतो, आणि राष्ट्रीयत्वाचा कायदा हवा असल्यास तो निवडावा लागतो. तेव्हा परदेशी जाणाऱ्या दांपत्यांनी आपली निवड, तसेच आपल्या सर्व कागदांतील नावांची एकवाक्यता, प्रसूतीपूर्वीच पक्की करावी.

आम्ही कन्येच्या नावात पित्याचे नाव घातले नाही. जर्मन नोंदीत त्याचे तिचे दुसरे स्वनाम झाले असते. पुढे पुण्यास परतल्यावर शाळेच्या नोंदवहीत गुरुजींनी ते न विचारताच, सवयीने, मध्ये लिहिले. पासपोर्टात दोन पदे आणि शाळेत तीन अशी सध्या स्थिती आहे. दहावीच्या प्रमाणपत्राआधी यांपैकी एक नोंद बदलावी लागणार; कोणती, यावर घरात अद्याप एकमत झालेले नाही.