घरच्या वस्तू आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती



शाळेच्या प्रदर्शनात एक टुमदार घर मांडलेले असते. दार नऊ सेंटिमीटर उंच. अंगणात तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल उभा केलेला, तो पंधरा सेंटिमीटर. पाहुणे येतात, 'वा, छान!' म्हणतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. पण दारापेक्षा दीडपटीहूनही उंच असलेला हा बैल गोठ्यात शिरणार कसा, हे त्या मुलाला कोणी विचारत नाही. खरे पाहता सगळा धडा त्या एका प्रश्नातच आहे.

शोभेची वस्तू वेगळी आणि प्रतिकृती वेगळी. प्रतिकृतीत प्रत्येक गोष्ट एकाच हिशेबाने लहान झालेली असते. तो हिशेब म्हणजे प्रमाण. शाळेच्या कामाला मी एकास वीस हे प्रमाण सुचवीन. खऱ्या घराचा एक मीटर म्हणजे आपले पाच सेंटिमीटर. आठ मीटर लांबीचे घर चाळीस सेंटिमीटरांत बसते, म्हणजे पाटावर मावते. शिवाय हिशेब तोंडी होतो. प्रतिकृतीतले माप दुप्पट करा आणि पुढे शून्य द्या, की खरे माप मिळाले. पंधराची दुप्पट तीस, वर शून्य, तीनशे. आपला बैल तीन मीटर उंचीचा झाला! खरा बैल साधारण सव्वा मीटरचा. म्हणजे येथे सहा-सव्वासहा सेंटिमीटरांचाच पाहिजे.

आता साहित्य. बाजारातून थर्मोकोल आणायचा, रंगीत कागद आणायचा, हा रिवाज पडून गेला होता. सजावटीच्या थर्मोकोलवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली हे बरे झाले. पण माझी तक्रार निराळीच आहे. विकतच्या साहित्याने प्रदर्शनात बापाचा खिसा मांडला जातो. ज्याची आई दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाते, त्या मुलाने काय मांडावे? त्याच्या घरी वस्तू नाहीत असे मुळीच नाही. त्या ओळखायच्या कशा, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

ओळखायची रीत अशी. वस्तू दिसते कशी हे विसरा. वीस पटीत ती किती होते ते पाहा. आगकाडी घ्या. दोन मिलिमीटर जाड आणि चार-साडेचार सेंटिमीटर लांब. दुप्पट करून शून्य दिले की चार सेंटिमीटर जाडीची, ऐंशी-नव्वद सेंटिमीटर लांबीची पट्टी झाली. कवेलूखालच्या पट्ट्या साधारण अशाच असतात. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी वीस पटीत बोटभर जाडीचा बांबू होते. तुराटीचा निमुळता शेंडा घराचा वासा होतो आणि बुडखा खांब होतो, कारण आठ मिलिमीटरची तुराटी म्हणजे सोळा सेंटिमीटर जाडीचे लाकूड. पऱ्हाटीचे फाटे वाकडे असतात. त्यांची परसातली झाडे करा, खांब करू नका.

बैलगाडीच्या चाकाला तर मौज आहे. बांगडीचे माप दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असे सांगतात. रुपयाचे जसे सोळा आणे, तसे इंचाचे सोळा भाग. दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि वर सहा सोळांश. हे झाले जवळजवळ सहा सेंटिमीटर. वीसने गुणा, एक मीटर वीस. खरे चाक जवळपास तेवढेच भरते. तेव्हा आईच्या जुन्या बांगड्यांची जोडी चाकांसाठी मागून घ्या. काचेची नको, लाखेची किंवा प्लॅस्टिकची घ्या. गाडीची साटी ज्वारीच्या धांड्याची करावी. धांडा सोलायचा, आतल्या भेंडाचे तुकडे करायचे आणि सालीच्याच अणकुचीदार काड्यांनी ते एकमेकांत खोचायचे. ना डिंक, ना खिळा. गुराख्यांची पोरे अशा गाड्या करीत आली आहेत. त्यांना शिकवायला आपण जाऊ नये, शिकायला जावे. सालीला धार असते, बरं का. लहान मुलांना सोलून द्यावे.

छपरासाठी दोन तोडगे. हातकवेलू साधारण वीस सेंटिमीटर लांब धरला तर प्रतिकृतीत तो एक सेंटिमीटर हवा. खरबुजाची बी नेमकी तेवढी असते, आणि बाकही जरासा तसाच. पण एका छपराला हजारावर बिया लागतात आणि रात्रीतून उंदीर सगळे छप्पर उतरवतो! म्हणून दुसरा तोडगा बरा. किराणा दुकानातले पुठ्ठ्याचे खोके ओले करा आणि वरचा कागद अलगद सोलून काढा. आतला नागमोडी कागद वाळवा. त्याच्या दोन कण्यांतले अंतर सहा ते आठ मिलिमीटर भरते, म्हणजे खरे बारा ते सोळा सेंटिमीटर. कवेलूच्या ओळी तशाच असतात. गेरूचा हात दिला की छप्पर तयार.

भिंतीला माती हवी. आपल्या वर्धा जिल्ह्याची काळी माती कपाशीला आईसारखी, पण भिंतीला सवतीसारखी! ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि तडकते. म्हणून जुने लोक घराला पांढरी माती घेत आणि तिच्यात कुटार कालवीत. प्रतिकृतीतही माती पांढरीच घ्या. कुटार मात्र चालणार नाही. त्याची सेंटिमीटरभर काडी येथे वीस सेंटिमीटरची होऊन भिंतीतून डोकावेल. त्याऐवजी कापूस बारीक कातरून मिसळा. तंतू मातीला धरून ठेवतात, काम तेच. पंचेचाळीस सेंटिमीटरची भिंत येथे सव्वादोन सेंटिमीटर जाड येते. माती नको असेल तर आजीबाईंना विचारा. रद्दी कागद दोन दिवस भिजवून कुटायचा, भिजलेली मेथी वाटून त्यात घालायची आणि त्या लगद्याने सुपे-टोपल्या लिंपायच्या, ही त्यांची रीत. मेथीने लगदा चिकट होतो. सावलीत वाळवला तर त्याची भिंत हलकी आणि टणक होते.

प्रतिकृती करायची कशाची? वर्ध्याच्या शिक्षकाला हा प्रश्न पडू नये. गांधीजी १९३६ साली सेगावला राहायला आले. गावाचे नाव पुढे सेवाग्राम झाले. तेथील आदि निवास, आणि मुळात मीराबेनची असलेली बापू कुटी, ही घरे माती, लाकूड, बांबू आणि कवेलूंचीच आहेत. जे आपल्या परसात मिळते त्याचीच. आश्रमाची परवानगी घ्यावी, भिंतीला हात लावू नये, पावलांनी अंतर मोजावे आणि वहीत लिहावे. प्रत्येक मुलाने आपले पाऊल आधी मीटरपट्टीवर मोजून ठेवलेले असले म्हणजे झाले. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली आणि जिच्यातून झाकिर हुसेन समिती व नई तालीम पुढे आली, तिचे म्हणणे हेच होते की हाताच्या कामातून गणित यावे, भाषा यावी. एका छपराच्या हिशेबात अपूर्णांक, क्षेत्रफळ आणि कोन तिन्ही येतात.

छपराची कैची लवचीक सांध्यांनी करून पाहावी. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे करून त्यांत आगकाड्या खुपसायच्या. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. कैचीत त्रिकोण का, ते मूल बोटाने शिकते. अरविंद गुप्ता या अभियंत्याने १९७० च्या दशकात मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात ही काड्या-नळ्यांची युक्ती रूढ केली. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अशीच कितीतरी खेळणी कचऱ्यातून केली.

एक सावधगिरी मात्र मुलांना सांगायलाच हवी. आगकाड्यांचे छप्पर वर वाटी ठेवली तरी मोडत नाही, म्हणून खरे छप्परही तसेच भक्कम, असे समजू नये. लांबी वीसपट लहान झाली की वाशाच्या कापाचे क्षेत्रफळ चारशेपट लहान होते, पण वजन आठ हजारपट. ताकद कापावर असते. म्हणून लहान घर आपल्या वजनाच्या मानाने वीसपट बळकट असते. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात हे सांगितले आहे. मुंगी आपल्यापेक्षा जड दाणा ओढते आणि हत्तीला जाडजूड पाय लागतात, त्याचेही कारण हेच.

पाण्याचे तर आणखी अवघड. नाल्याची प्रतिकृती केली आणि तळाला अर्ध्या मिलिमीटरची रेती घातली, की वीस पटीत ती सेंटिमीटरभर खडी झाली. ती खऱ्या वाळूसारखी वाहणार कशी? रेती आणखी बारीक दळली तर तिचा चिखल होऊन ती चिकटून बसते. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ साली सुरू झालेले जलसंशोधनाचे केंद्र नद्यांच्या आणि धरणांच्या मोठमोठ्या प्रतिकृती बांधते. जगातल्या अशा प्रयोगशाळा या अडचणीत कधी कधी कोळशाचा चुरा, लाकडाचा भुसा, अक्रोडाच्या कवचांचा भुगाही वापरतात, कारण हलका कण थोड्या पाण्यानेही हलतो. चुलीजवळचा कोळसा कुटून तुम्हीही पाहा. नाल्याच्या वळणावर बाहेरचा काठ खचतो आणि आतल्या काठाला गाळ बसतो, हे तासाभरात दिसते.

आणखी एक काम सुचवतो. गावोगावी कवेलूची घरे उतरत आहेत आणि त्यांच्या जागी स्लॅब येतो आहे. त्यात वाईट काही नाही. पावसाळ्यात छप्पर शाकारण्याचा जाच ज्याने सोसला त्याला विचारा. पण पाडण्यापूर्वी त्या घराची मापे कोणी घेत नाही. नातवाने आजोबांना बरोबर घेऊन ती घ्यावीत. मयाल कोणत्या लाकडाची, चूल कोणत्या कोपऱ्यात, दिव्याचा कोनाडा जमिनीपासून किती उंच, हे आजोबा सांगतील तसे लिहावे. प्रतिकृती झाल्यावर खाली चिठ्ठी लावावी: प्रमाण एकास वीस, घराच्या मालकाचे नाव, मापे घेतल्याची तारीख. मापांची वही शाळेच्या कपाटात ठेवावी, म्हणजे प्रतिकृती उंदरांनी खाल्ली तरी पुढच्या वर्गाला ती पुन्हा करता येईल.